कशी बंद पडते ते सांग

रस्त्यात गाडी बंद पडली की चार माणसं जमतात आणि चारही जण वैद्य असतात. एक म्हणतो कॉईल गेली. दुसरा म्हणतो पंप. तिसरा म्हणतो कचरा आला. चौथा काही न बोलता बॉनेटमध्ये हात घालतो आणि दिसेल ती वायर हलवून बघतो. ज्याची गाडी आहे, म्हणजे जो ती पोटासाठी चालवतो, त्याला कोणी विचारत नाही की बाबा, बंद पडली ती कशी पडली? तो बाजूला उभा असतो. हातात पिवळं फडकं. गुन्हेगारासारखा.

दोस्तांनो, हे लिहितोय ते या एका प्रश्नासाठी. कशी बंद पडली? मी 1982 सालापासून हातात पाना घेतलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही, त्यामुळं वाकडंतिकडं होईल ते चालवून घ्या. पण इंजिन बंद पडण्याची कारणं शोधायची विद्या ही मोठी विद्या आहे, ती माझ्यापासून लपवून ठेवली गेली होती, आणि ती इथं फुकट वाटून टाकायची असं मी ठरवलंय. तुमच्यापैकी कुणी टेम्पो चालवत असेल. कुणी सभेला जायला ओळखीच्याची जुनी जीप मागून आणत असेल आणि ती नेमकी फाट्यावर झोपत असेल. कार्बोरेटर आणि पॉइंटवाल्या सगळ्या जुन्या गाड्यांची जात एकच. (एवढी एक जात मी मानतो.)

मी शिकलो ती पद्मिनीवर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. मुळात ही इटलीची फियाट 1100 डी, 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायला लागली, आणि पद्मिनी हे नाव तिला 1974 ला मिळालं. चार सिलिंडर, 1089 सीसी, वर सोलेक्सचा कार्बोरेटर, बाजूला कॅमच्या ठोक्यावर चालणारा पेट्रोल पंप, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. आमचं गॅरेज कुर्ल्यातच, एका गल्लीत. गॅरेज म्हणजे काय, वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली माती. मी 14 वर्षांचा. काम काय? पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे, चहा आणायचा, गाडीखाली सरपटत जाऊन नट सोडवायचे. वरचं काम उस्तादाचं. डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढून पॉइंट सेट करायची वेळ आली की उस्ताद पाठ करून उभा राहायचा. रुंद पाठ. त्या पाठीआड काय चाललंय ते दिसू नये म्हणून मला काहीतरी आणायला पाठवायचा. बारा-तेराचा पाना आण. आणला की म्हणायचा, हा नाय, दुसरा आण. आपल्याकडं विद्या अशीच राखली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर पाठीआडचं आधी सांगतो.

डिस्ट्रीब्युटरमध्ये दोन छोटे टिकल्यांसारखे पॉइंट असतात. मध्ये चार कोपऱ्यांची कॅम फिरते. कोपरा आला की पॉइंट उघडतात, आणि उघडतात त्या क्षणी कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो, तो रोटरमधून 1-3-4-2 या क्रमानं प्लगांना जातो. पॉइंट जास्तीत जास्त उघडतात तेव्हा मधली फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर पाहिजे. एवढंच. पत्त्याची पट्टी नसेल तर उस्ताद दुमडलेलं पोस्टकार्ड घालायचा, म्हणून तर लपवत होता. आता गंमत बघा. कॅमला घासणारा पॉइंटचा फायबरचा पाय रोज थोडा थोडा झिजतो. पाय झिजला की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि अशक्त पडते. गाडी पळताना कळत नाही. सिग्नलला उभी राहिली, इंजिन हळू झालं, की थरथरते आणि मरते. मग लोक काय करतात? आयडलिंगचा स्क्रू पिळतात. रेस वाढवून ठेवतात. महिन्यानं पुन्हा पिळतात. शेवटी गाडी सिग्नलला बोंबलत उभी राहते, पेट्रोल ढोसते, आणि दुखणं तिथंच. स्क्रूचा दोष काही नसतो. कॅमवर ग्रीसचं एक बोट फिरवलं असतं तर पाय एवढ्या लवकर झिजलाच नसता.

इंजिनला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल मिसळलेली हवा, ती दाबली जाणं, आणि वेळेवर ठिणगी. चालत्या गाडीतली दाबण्याची ताकद एकदम जात नाही, त्यामुळं गाडी बंद पडली तर भांडण बहुतेक वेळा पेट्रोल आणि करंट या दोघांतच असतं. आणि या दोघांचं मरण सारखं नसतं. करंट गेला तर गाडी दिवा मालवल्यासारखी मरते. एका क्षणी आहे, दुसऱ्या क्षणी नाही. धडधड नाही, खोकला नाही. पेट्रोल तुटलं तर ती तहानेनं मरते. आधी ओढ कमी होते, पाय दाबाल तसं अडखळते, कार्बोरेटरमधून फटफट शिंकते, मध्येच थोडी सावरते, मग जाते. ड्रायव्हरनं हे एवढं सांगितलं की अर्धं काम संपलं. म्हणून म्हणतो, आधी त्याला विचारा. बॉनेट नंतर उघडा.

खड्ड्यात गेल्यावर पडते का? मग वायरी. कॉईलवरचे नट, चावीमागचे जोड, आणि डिस्ट्रीब्युटरच्या आत पॉइंटला जाणारी बारीक वायर. ही हरामखोर वायर आतून तुटते आणि वरचं कव्हर शाबूत राहतं. डोळ्यांना चांगली दिसते. हळूच ओढून बघावी, आतून तुटलेली असेल तर रबरासारखी लांबते.

पावसात पडते का? झाकण उघडून आतून कोरडं पुसा, आणि आतल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी चीर दिसते का बघा. तिथून करंट पळतो.

आता क्लचचं सांगतो, कारण यात गरिबाचे सगळ्यात जास्त पैसे जाताना मी पाहिलेत. ड्रायव्हर येतो, म्हणतो, क्लच दाबला की गाडी बंद होते. खरं सांगत असतो. त्याचं बोलणं अर्धवट ऐकून मिस्त्री म्हणतो, क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवतो. प्लेट बदलतो. मजुरी घेतो. गाडी सिग्नलला जाते, ड्रायव्हर क्लच दाबतो, गाडी बंद.

हे असं का होतं? गिअरवाल्या गाडीत एक लबाडी आहे. गाडी गिअरमध्ये आहे तोवर इंजिन एकटं नसतं. तुम्ही पाय उचलला तरी पळती चाकं मागून इंजिनला फिरवत राहतात. इंजिन आतून अर्धमेलं असलं तरी फिरतंय म्हणून जिवंत वाटतं. क्लच दाबला की चाकांचा हात सुटतो आणि इंजिनला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. तिथं ते कोसळतं. क्लचनं मारलं नाही. क्लचनं फक्त सोडलं.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि पाना लागत नाही. गाडी उभी करा, न्यूट्रलला टाका, क्लचवरचा पाय काढा, रेस सोडा. मरते? मग क्लच निर्दोष. आयडलिंगचं दुखणं आहे. न्यूट्रलला चांगली चालते, पहिला टाकून पेडल पूर्ण दाबून ठेवलं तरी गाडी पुढं रेटते आणि मरते? मग क्लच पूर्ण सुटत नाही, आता खुशाल त्याच्यामागं लागा. आणि न्यूट्रललाच आहे, पण नुसतं पेडल दाबलं की आवाज जड होतो आणि मरते, तर मात्र वाईट बातमी. क्लचचा दाब क्रँकला पुढं ढकलतोय, त्याचे थ्रस्टचे वायसर झिजलेत. असं क्वचित सापडतं.

आयडलिंगचं दुखणं असलं तर हात वापरा. एअर फिल्टर काढा, इंजिन मरायला लागलं की तळहातानं कार्बोरेटरचं तोंड अर्धं झाका. सावरलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी चोरून हवा येतेय. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचा जोड, तिथं कुपीनं ऑइलचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला की हवा तिथूनच येतेय. नाही बदलला तर आयडल जेट काढा, उजेडाकडं धरून बघा, तोंडानं फुंका. तार घालू नका. जेट पितळी असतो, मऊ, तारेनं भोक मोठं होतं आणि मग ती गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. हात झाकल्यावर उलट जास्तच गुदमरली आणि सायलन्सरमधून काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय किंवा सुई बसत नाही. ब्रेक मारून थांबलं की पेट्रोल हिंदकळून इंजिनात ओततं आणि गाडी बुडून मरते. तहानेचं मरण वेगळं, बुडून मरणं वेगळं.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी सगळ्यात छळते. मे महिना, दुपार, दादरचा ट्राफिक. गाडी बंद. अर्धा तास थांबा, चालू. मिस्त्रीकडं न्या, त्याच्यासमोर एकदम शहाण्यासारखी चालते. मिस्त्री म्हणतो, काय नाय झालं, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ नसतात. दोन चोर आहेत आणि दोघंही थंड झाले की साधू होतात. एक कॉईल. तिच्या आतल्या तारांचं आवरण जुनं झालं की गरम झाल्यावर करंट आतल्या आत गळतो. दुसरा पंप. तो इंजिनला चिकटलेला, तापतो, पेट्रोल आतच उकळून वाफ होतं, आणि पंप वाफ ढकलत बसतो, पेट्रोल पुढं जात नाही. कसारा घाटात पंपावर ओलं फडकं टाकून चढणाऱ्या पद्मिनी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे माहीत आहे. पण लोक काय चूक करतात, सांगतो. गाडी बंद पडली की घाबरून बाटलीभर पाणी कॉईलवर पण ओततात आणि पंपावर पण ओततात. गाडी चालू होते. आनंद. पण दोघांतला चोर कोण ते आता कधीच कळणार नाही. एकावरच ओलं फडकं टाका. दुसऱ्याला हात लावू नका. किंवा त्याहून चांगलं म्हणजे बंद पडली त्याच मिनिटाला, थंड व्हायच्या आत, दोन गोष्टी बघा. कॉईलची मधली जाड वायर झाकणातून काढून रबरी पकडीनं इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी पाहिजे. पिवळी, मरगळलेली किंवा नाहीच, तर करंट. ठिणगी चांगली असेल तर कार्बोरेटरच्या तोंडात डोळा लावून हातानं रेसचा दांडा ओढा, आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली पाहिजे. नाही उडाली, तर फ्लोटचं भांडं कोरडं आहे. (दोन्ही एकदम करू नका. ठिणगी आणि उघडं पेट्रोल यांची गाठ घालून दिली की भुवया जातात, नशीब असेल तर फक्त भुवया.)

मेलेल्या माणसाचा पंचनामा जागेवरच होतो. प्रेत हलवलं की पुरावा गेला.

आता त्या टॅक्सीवाल्याचं सांगतो. साल 1984. सातारा जिल्ह्यातला माणूस, पन्नाशीला आलेला, स्वतःची टॅक्सी नव्हती. शेठची गाडी शिफ्टवर चालवायचा. पेट्रोल त्याचं, शिफ्टचे पैसे संध्याकाळी शेठला मोजून द्यायचे, उरेल ते घरी. पासिंग शेठ करणार, पण रस्त्यातलं दुखणं ड्रायव्हरच्या अंगावर, असला करार. त्याची गाडी रोज बंद पडायला लागली. पॅसेंजर उतरून दुसरी पकडायचे. काही मीटरचे पैसे पण द्यायचे नाहीत, आणि हा मागायचा पण नाही.

उस्तादानं पहिल्यांदा पंप बदलला. दोन दिवसांनी परत आला. कॉईल बदलली. परत आला. कार्बोरेटर खोलला, नवीन किट टाकलं. चौथ्यांदा आला तेव्हा त्याच्या बोटातली अंगठी नव्हती. त्याच्या शेठनं सांगितलं होतं, आठ दिवसांत नीट चालली नाही तर चावी ठेव, बदली ड्रायव्हर रांगेत उभे आहेत.

उस्ताद जेवायला गेलेला. हा माझ्या शेजारी पालथ्या डब्यावर बसला. मी पार्ट धूत होतो. मी विचारलं, "काका, बंद कशी पडते?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "पोरा, हे मला पयल्यांदाच कुनी इचारलं."

मग बोलायला लागला. एकदम नाही बंद होत, म्हणाला, आधी दम जातो. उन्हातान्हाचा काही संबंध नाही, पहाटे चार वाजता पण पडते. पाच-दहा मिनिटं उभी केली की परत चालू होते. आणि मग जरा लाजत, आवाज खाली करून म्हणाला, "येक सांगू का? हसू नगंस. टाकी फुल केली ना, की लवकर बंद पडती. अर्धी आसली की लांबवर जाती. तुझ्या उस्तादाला सांगितलं तर म्हनला, म्हातारा दारू पिऊन गाडी चालवतो."

मी हसलो नाही. मला काही समजलं होतं अशातला भाग नाही, पण हा माणूस 20 वर्षं त्याच सीटवर बसलेला. पायाखाली इंजिनचा प्रत्येक ठोका त्याला कळत होता. तो असं बोलतोय तर त्याला कारण असणार. मी विचारलं, "हे कधीपासनं?" म्हणाला, गणपतीच्या आधीपासून. "त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?" काही नाही, म्हणाला. मग थोडा वेळ थांबून: रात्री रस्त्यावर उभ्या गाडीतून पोरं नळी घालून पेट्रोल ओढतात, म्हणून चोरबाजारातून कुलूपवालं झाकण आणून टाकीला लावलं, तेवढंच.

उस्ताद यायच्या आत आम्ही गाडी काढली. टाकी भरलेली होती. सायनच्या पुढं गेली आणि दम टाकायला लागली. मेली. मी आधी ठिणगी बघितली. निळीशार. कार्बोरेटरमध्ये चिळकांडी नाही. वायर परत बसवून, कार्बोरेटरला येणारा पाईप सोडून बाटलीत धरला, काकांना स्टार्टर मारायला लावलं. नवाकोरा पंप, आणि एक थेंब नाही. मग मी त्यांना म्हटलं, "काका, मागं जाऊन झाकण उघडा."

त्यांनी कुलूप फिरवलं. झाकण घट्ट बसलेलं. जोर लावला तशी टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. मला पुढं बॉनेटपाशी ऐकू आलं. पुन्हा स्टार्टर मारला तर बाटलीत पेट्रोलच्या धारा.

कारण साधं आहे. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला वाट पाहिजे. ती झाकणाच्या भोकातून येते नाहीतर वेगळ्या नळीतून. त्या गाडीची हवेची नळी कधीच चिखलानं बुजली होती. जुनं झाकण सैल होतं, त्या सैलपणावर गाडी जगत होती. नवं झाकण घट्ट, त्याला भोक नाही. पंप पेट्रोल ओढतोय, टाकी आतून त्याला उलटं ओढतेय. शेवटी पंप हरतो. थोडा वेळ उभी केली की हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी चालू. आणि टाकी फुल असली तर? वर हवेला जागाच थोडी. थोडं पेट्रोल गेलं की तिथली हवा लगेच विरळ होते, ओढ लगेच वाढते, म्हणून गाडी लवकर मरते. अर्धी टाकी रिकामी असली की तिथं हवा भरपूर, ती विरळ व्हायला वेळ लागतो. म्हातारा दारू पिऊन बोलत नव्हता. एका अंगठाबहाद्दर ड्रायव्हरनं हवेच्या दाबाचा नियम स्वतःच्या धंद्याच्या नुकसानीतून मोजून काढला होता. फक्त त्याची साक्ष कुणी नोंदवून घेतली नव्हती.

नळी तारेनं साफ केली. झाकणाला बारीक भोक पाडलं. पैसे शून्य.

उस्तादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत होतं, बघत होतो तुला कळतंय का." आणि काढलेला जुना पंप आणि जुनी कॉईल? दोन्ही चांगले होते, हे आता उघड होतं. काकांनी मागितले. उस्ताद म्हणाला, भंगारात गेले. गेले नव्हते. तो पंप त्यानं माझ्याकडूनच धुऊन घेतला होता आणि मागच्या फळीवर ठेवला होता, तो आठवड्यानं दुसऱ्या एका टॅक्सीला बसला, नव्याच्या भावात. काकांची अंगठी सुटली की नाही ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी मात्र त्यांच्याकडंच राहिली. दोन वर्षं येत होते, माझ्याकडंच. उस्ताद असला तरी येऊन सरळ माझ्याशी बोलायचे. त्याचा उस्तादाला राग यायचा, पण गिऱ्हाईक होतं. पुढं मीच ते गॅरेज सोडलं.

पद्मिनी टॅक्सी आता मुंबईत नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती, टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळं ऑक्टोबर 2023 ला तिचा धंदा संपला. पेपरांत फोटो आले, लोकांनी डोळे पुसले. माझ्याकडं आता येतात त्या घरात जपलेल्या. आजोबांची गाडी, वडिलांची गाडी. आणणारी पोरं शिकलेली असतात, नम्र असतात, मला काका म्हणतात. नव्या गाडीला कॉम्प्युटर लावला की ती स्वतः सांगते कुठं दुखतं, हिला सांगता येत नाही, असं म्हणतात. मी म्हणतो, सांगते की. तू विचारत नाहीस.

सध्या एक नवीन कारण सगळ्यांच्या तोंडी आहे, इथेनॉल. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, हे खरं आहे. पंपाचा डायफ्राम, पाईप, वॉशर जुन्या रबराचे असतील तर फुगतात, मऊ पडतात. पण म्हणून प्रत्येक बंद पडलेली गाडी इथेनॉलनं पडली असं नाही. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला, कल्याणहून. म्हणाला, काका, इथेनॉलनं वाट लागली, तीन पंप बदलले. मी विचारलं, कशी बंद पडते? शहरात नाही पडत, म्हणाला. हायवेला तिसऱ्या-चौथ्या गिअरला, पाय दाबून धरला की दम जातो. पाय उचलला की जरा वेळानं सावरते. झाकण उघडून पाहिलंस? पाहिलं, म्हणाला, हवेचा आवाज नाही आणि फरक पण नाही. शहाणा पोरगा.

म्हणजे हळू ओढलं तर पेट्रोल येतंय आणि जोरात ओढलं तर येत नाही. टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप मी हातानं दाबून बघितला. वरून ठीक, पण एका जागी पिकल्या केळ्यासारखा मऊ. काढला आणि ब्लेडनं उभा कापला. आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू ओढलं तर बाजूला पडून राहायचं, जोरात ओढलं की तोंडावर येऊन बसायचं. या वेळी मात्र इथेनॉलच असावं, किंवा नुसतं वय. पाईप 25 वर्षं जुना होता. तीन पंप बदलणाऱ्यांपैकी एकानंही त्याला हात लावला नव्हता.

इथेनॉल चालणारा नवीन पाईप टाकला, दोन नव्या क्लिपा. पनवेलपर्यंत जाऊन आलो, पाय दाबून. मग त्याचे काढलेले तीन पंप मागवून घेतले, एकेक लावून बघितला, तिन्ही चालत होते. ते आणि कापलेला पाईप कागदात गुंडाळून त्याच्या डिकीत ठेवून दिले.